दाखवलंत, आता परत येऊन जेवा

खाद्यभ्रमंतीच्या कार्यक्रमांचे निर्माते, दिग्दर्शक, निवेदक आणि हे कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिन्यांची मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

हे माझं तुम्हाला दुसरं पत्र. पहिलं २०१४ सालचं. तुमच्यापैकीच एका कार्यक्रमाच्या शेवटी पाटी यायची, ‘तुमच्या गावातली खास जागा आम्हाला कळवा’. मी कळवली. मुलीकडून मेल टाईप करून घेतला, सोबत दोन फोटो जोडले, आणि चार महिन्यांनी तुमची गाडी खरंच तिथे येऊन उभी राहिली. तेव्हा मला एवढा आनंद झाला होता की गल्लीत पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. त्या पहिल्या पत्राचं आज मला वाईट वाटतं, म्हणून हे दुसरं.

आधी मी कोण ते सांगतो. मी शेतीपंपांचे सुटे भाग विकतो. इंपेलर, बुश, सील असलं काहीबाही. सत्तावीस वर्षं झाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, खाली कोकण आणि वर्षातून दोन-तीनदा नागपूर असा माझा फेरा. महिन्यातले अठरा-वीस दिवस बाहेर जेवतो. त्यामुळे कुठल्याही खानावळीत शिरलो की मी डोळे मिटून वास घेत नाही, आधी मोरीकडे बघतो. मग बसलेली माणसं कोण आहेत ते बघतो. एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर दिसले की निम्मी काळजी मिटते, कारण त्यांना पुन्हा उद्याही जेवायचं असतं आणि परवाही गाडी चालवायची असते.

तरी मी तुमचे कार्यक्रम भक्तिभावाने पाहत आलोय. लॉजच्या खोलीत संध्याकाळी दुसरं करायचं काय? १९९३ साली संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला तेव्हापासून आमच्या घरी खाण्याचे कार्यक्रम चालू आहेत. पुढे ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये प्रशांत दामले लोकांच्या ओट्याशी उभे राहून गप्पा मारायचे, त्याचाही आमच्या आईने एक भाग चुकवला नाही. पण ते कार्यक्रम पाककृतीचे होते. त्यांनी सांगितलेलं घरी करून बघायचं, जमलं तर वाहवा, बिघडलं तर आपला हात. फार तर पाव किलो रवा वाया जायचा. मग तुम्ही लोक कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरलात. विनोद दुआ ‘जायका इंडिया का’ घेऊन गल्लीबोळांतून खात हिंडले, रॉकी आणि मयूर ‘हायवे ऑन माय प्लेट’मध्ये ढाबे पालथे घालू लागले, आणि त्यांच्या मागोमाग प्रत्येक भाषेत, प्रत्येक वाहिनीवर तसलेच. इथे हिशेबच बदलला. आता तुम्ही सांगणार आणि मी दोनशे किलोमीटर गाडी हाकत जाणार. पेट्रोल माझं, रविवार माझा, बायकोचे आणि मेहुणीचे टोमणेही माझेच.

अशा टीव्हीवर पाहून गेलेल्या चाळीसेक जागा माझ्या वहीत आहेत. ऑर्डर लिहायच्या वहीची मागची पानं. जाऊन आल्यावर दोन ओळी खरडायच्या ही जुनी सवय. त्या पानांवरून सांगतो, तुम्ही दाखवता त्या जागा अपेक्षेला उतरतात का? काही अगदी उतरतात. पुष्कळशा उतरत नाहीत. आणि कुठल्या उतरतील, हे तुम्हाला जाण्याआधी कळू शकतं. तुम्ही बघत नाही एवढंच.

ठाण्याची मामलेदार मिसळ घ्या. तहसीलदार कचेरीच्या आवारातलं कॅन्टीन, म्हणून नाव मामलेदार. किती कॅमेरे तिथे येऊन गेले याची गणतीच नसेल. तरी मी तिथे गेलो तेव्हा टीव्हीत दिसली तीच मिसळ ताटलीत होती. तिखट, मध्यम की कमी ते आधी विचारून घेतात. फुशारकीने ‘तिखट’ म्हणालात तर नाकाडोळ्यांतून पाणी येतं आणि शेजारच्या टेबलावरचे लोक कौतुकाने बघतात. ही चव टिकते कशी, याचा मी बसून विचार केलाय. जिन्नस एकच. सकाळपासून तोच, मोठ्या पातेल्यात. रस्सा जास्त वेळ उकळला तर बिघडत नाही, उलट मुरतो. शंभराच्या जागी चारशे माणसं आली तर पातेलं मोठं होतं, हात बदलत नाही. ही जागा मुळातच गर्दीसाठी बांधलेली आहे. तुमच्या कॅमेऱ्याने आणखी दोनशे माणसं पाठवली तर तिला त्याचं काही वाटत नाही.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया आहे, १९२३ सालचं इराणी हॉटेल. त्यांच्या बेरी पुलावातली आंबट बेरी इराणहून येते. जगभरचे कॅमेरे तिथे येऊन गेले, पण हे हॉटेल वर्षानुवर्षं फक्त दुपारीच उघडं असायचं. टीव्हीवर दिसलो म्हणून रात्रीची पंगत वाढवू, असं त्यांनी केलं नाही. मला त्या पुलावापेक्षा (तो चांगलाच आहे) या हट्टाचं जास्त कौतुक वाटतं. मात्र इथे दुसरी एक गंमत आहे. तुमच्या प्रत्येक भागात बोमन कोहिनूर दिसायचे, टेबलाटेबलावर जाऊन गप्पा मारणारे, इंग्लंडच्या राणीचं प्रेम मिरवणारे. ते सप्टेंबर २०१९ मध्ये गेले, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन. तुमचे जुने भाग मात्र अजून फिरत असतात, आणि ते बघून नवा माणूस जातो तो पुलावाइतकाच त्या म्हाताऱ्याला भेटायला जातो. ताटात कसर काहीच नसते, तरी त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. यात हॉटेलाचा दोष नाही. भाग कधी चित्रित केला ते पडद्याच्या कोपऱ्यात लिहायला तुमची जागा जाते का?

आणि मग तुमचा तो एक शब्द. अप्रतिम. दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं, तेव्हा सगळ्या वाहिन्या तिकडे धावल्या. ती मिसळ दादरची आहे, तिचा बाज सौम्य. कोल्हापूरकराने तिथे जाऊन ‘कट आण अजून’ म्हणून ओरडायचं नसतं, जसं दादरकराने आमच्याकडे येऊन मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस का देता म्हणून नाक मुरडायचं नसतं. नागपूरला तर्री पोहे खाताना पोहे हे निमित्त असतात. सावजी रस्सा हा मूळचा हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा, त्यातल्या जवसाला आणि मिऱ्याला स्वतःचं म्हणणं असतं. या चार वेगवेगळ्या चवी आहेत आणि तुमचा निवेदक चारही ठिकाणी पहिला घास घेतो, डोळे मिटतो, तीन सेकंद थांबतो आणि तोच शब्द बोलतो. मग माझ्यासारख्याने कशावरून ठरवायचं? निम्म्या लोकांची निराशा खराब अन्नाने होत नाही. हे अन्न कुणाच्या जिभेचं आहे, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

कोकणाबद्दल तर मी तुमच्यावर रागावलेलोच आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते, हे मालवणातलं शेंबडं पोर सांगेल. तुम्ही डिसेंबरात जाता, ताज्या फडफडीत सुरमईची तुकडी तव्यावर उडवता, आणि तो भाग दाखवता जूनमध्ये. पाऊस, हिरवळ, वर्षासहलीचा मोसम! लोक भाग बघून गाड्या काढतात आणि तिथे पोचून बर्फातली सुरमई खाऊन परत येतात. मालकालाही ‘नाही’ म्हणता येत नाही, कारण लोक टीव्हीवरचीच थाळी मागतात. एका पावसाळ्यात मी एका घरगुती खानावळीत सरळ विचारलं, आज तुम्ही घरी काय खाल्लंत? बाई हसली आणि आतून भाजलेला सुका बांगडा, सोड्यांची खिचडी आणि सोलकढी घेऊन आली. वहीत त्या दिवसापुढे मी चार चांदण्या काढल्यात. पावसात चढणीचे मासे असतात, सुकट असते, तिसऱ्या मिळाल्या तर मिळतात. ते दाखवा ना जूनमध्ये. पण तुमच्या चांदण्या पडतात त्या सुरमईच्याच नावाने.

आता मूळ गोष्ट. ज्या जागेसाठी मी पहिलं पत्र लिहिलं तिचं आणि गावाचं नाव इथे देत नाही. का ते पुढे कळेल.

घाटाच्या अलीकडचं तालुक्याचं गाव. एस.टी. स्टँडच्या मागे पत्र्याची शेड, सहा टेबलं. चालवणारी बाई, आम्ही सगळे मावशी म्हणतो. नवरा एस.टी.त मेकॅनिक होता, तो अचानक गेल्यावर तिने डेपोच्या माणसांना डबे द्यायला सुरुवात केली, डब्यांची खानावळ झाली. महिन्याचे मेंबर पंधरा-वीस. डेपोतली माणसं, दोन शिक्षक, पंचायत समितीतला एक क्लार्क. वरचं गिऱ्हाईक धरून दुपारी साठ-सत्तर पानं उठायची. रोज सकाळी सहा किलो मटण, ठरलेल्या खाटकाकडून, ठरलेल्या तुकड्यांचं. आणि सोमवारी बंद. सोमवारी ती मटण शिजवत नाही, खात नाही आणि दारही उघडत नाही. माझा फेरा मी तिथे सोमवार येणार नाही असा आखायचो.

तुमची माणसं आली त्या दिवशी मी मुद्दाम हजर होतो. मावशीने नवं लुगडं नेसून सकाळपासून सगळं तयार ठेवलं होतं. तुमच्या दिग्दर्शकाला गॅसची शेगडी आवडली नाही. चूल हवी होती. चूल परसात पाणी तापवायला असायची, तिच्यावर पातेलं चढवलं आणि जाळ मोठा केला. स्टीलची भांडी जाऊन कुंभारवाड्यातून मडकी आली. मावशी कॅमेऱ्यापुढे आखडते म्हणून तिला जरा बाजूला घेऊन पळी तिच्या पुतण्याच्या हातात दिली, कारण तो बोलका होता. त्याने जन्मात कधी रस्सा केला नव्हता, पण ‘आमची तीन पिढ्यांची परंपरा’ हे वाक्य त्याने एका दमात म्हटलं. निवेदकाने पहिला घास तीनदा घेतला. दोनदा प्रकाशासाठी आणि एकदा मागे हॉर्न वाजला म्हणून. तो माणूस वाईट नव्हता हो, त्या दिवसातली ती त्याची चौथी जागा होती, पोटाला तडस लागलेली दिसत होती. सगळं आवरल्यावर त्याने लिंबूपाणी मागितलं आणि गाडीत जाऊन बसला.

तुमचा कॅमेरामन मात्र आमच्या टेबलाशी आला. भाकरी कुस्करली, त्यावर तांबडा रस्सा ओतला, ताटावर वाकला आणि पंधरा मिनिटं कुणाशी एक शब्द बोलला नाही. शेवटी वाटी पुढे करून म्हणाला, मावशी, पांढरा अजून थोडा. सबंध दिवसात त्या खानावळीबद्दल खरं बोललेला तो एकटाच, आणि तो कॅमेऱ्याच्या चुकीच्या बाजूला होता.

रविवारी रात्री नऊला भाग लागला. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासातली बावीस-तेवीस मिनिटं उरतात, त्यात चार जागा, म्हणजे मावशीच्या वाट्याला साडेपाच मिनिटं. त्यात एस.टी. स्टँड आलं, चूल आली, मडकी आली, तीन पिढ्या आल्या. सोमवारी बंद असतं, हे आलं नाही.

सोमवारी सकाळी अकरा वाजता बंद दारापुढे चौदा गाड्या उभ्या होत्या. पुण्याच्या, बेळगावच्या. लहान मुलं, म्हातारी माणसं. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा सोमवारी चूल पेटवली, आलेल्या पाहुण्यांना उपाशी कसं पाठवायचं म्हणून. तिथून सगळं घसरलं असं मी म्हणतो. ती तसं म्हणत नाही, ती म्हणते नशीब.

तुम्ही खाण्यावर एवढे कार्यक्रम करता, म्हणून तांबड्या-पांढऱ्याचं गणित तुम्हाला सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. दोन्ही रस्से एकाच आळणीवर उभे असतात. मटण शिजवलेलं पाणी, त्यात हाडांचा सगळा अर्क. त्यातल्या एका भागात कांदा-लसूण चटणी आणि वाटण गेलं की तांबडा, दुसऱ्यात नारळाचं दूध, खसखस, काजू गेले की पांढरा. सहा किलो मटणाची आळणी सत्तर माणसांना पुरते, कारण रस्सा हवा तेवढा वाढायचा असतो आणि सत्तर माणसं किती पितात हे मावशीला पाठ असतं. दोनशे माणसं आली की मटण दुप्पट आणता येतं, पण चांगल्या तुकड्यांचं दुप्पट मिळत नाही, आणि शेगड्या दोनच असतात. मग पातेल्यात पाणी वाढतं. पाणी वाढलं की रंग उतरतो, म्हणून तिखट वाढतं. तिखट वाढलं की तेल. खसखस महाग, तिच्या जागी मगजबी येते. यातलं काहीही कुणी फसवायचं म्हणून करत नाही. प्रत्येक पायरी ही त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माणसाला ताट देण्यासाठी घेतलेली असते. तीन महिन्यांनी मी गेलो तेव्हा पांढरा रस्सा वाटीला चिकटत नव्हता. मी काही बोललो नाही. मावशीच वाटी उचलताना म्हणाली, ‘बगू नगंस असं.’

आणि मेंबर गेले. टीव्हीचे पाहुणे एक वाजता यायचे, डेपोची माणसंही एक वाजता. पाहुण्यांचं ताट एकशे तीस रुपयांचं, मेंबराचं महिनेवारीने पडायचं निम्म्यात. पुतण्याने हिशेब केला, मेंबरांना अडीचला या म्हणून सांगितलं. अडीचला ड्यूटी लागलेली असते. ते स्टँडच्या दुसऱ्या बाजूला जेवायला लागले. हे लोक तिथे रोज जेवत होते म्हणून ती जागा चांगली होती. एक दिवस रस्सा पातळ झाला तर दुसऱ्या दिवशी कंडक्टर तोंडावर सांगायचा. पाहुणा सांगत नाही. तो एकदाच येतो, निवेदकाच्या फोटोखाली स्वतःचा फोटो काढतो, आणि घरी जाऊन ‘काही खास नाही’ म्हणतो. ती तक्रार मावशीपर्यंत कधी पोचतच नाही.

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात नवल काही नाही. २०१६ ला पुतण्याने बायपासला हॉल घेतला, बँकेचं कर्ज काढून. बाहेरचा आचारी ठेवला. मावशी गल्ल्यावर बसली, मागे निवेदकाचा सहा फुटी फ्लेक्स. दोन वर्षं गर्दी टिकली, मग तुम्ही पुढच्या गावातली दुसरी खानावळ दाखवलीत आणि गाड्या तिकडे वळल्या. रिकाम्या हॉलचे हप्ते थकले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हॉल उघडलाच नाही.

दिल्लीच्या मालवीयनगरातल्या बाबा का ढाब्याचं तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये म्हाताऱ्या जोडप्याचा व्हिडिओ पसरला, रातोरात रांगा लागल्या, सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या दारात. डिसेंबरात त्यांनी नवं हॉटेल काढलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये ते बंद झालं आणि बाबा पुन्हा जुन्या टपरीवर. तिथे मोबाईल होता, इथे टीव्ही, एवढाच फरक. मदत करायची म्हणून गेलेली माणसं होती ती, आणि तरी.

पैशांबद्दल बोलायचं टाळणार होतो, पण एका हॉटेलवाल्या मित्राला मध्यंतरी फोन आला: अमुक मिनिटांचा भाग, अमुक रक्कम, निवेदक तीन पदार्थांची नावं घेईल. त्याने पैसे दिले नाहीत, त्यामुळे तो कार्यक्रम कसा झाला असता ते कळलं नाही. सगळे असं करतात असं मी म्हणत नाही. मावशीकडून तुमच्या माणसांनी एक रुपया घेतला नाही, उलट जेवणाचे पैसे देऊन गेले, ही नोंद माझ्या वहीत आहे. पण जिथे व्यवहार होतो तिथे तो दिसायला हवा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्येच लिहिलंय की जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: शिफारस करणाऱ्याचे विकणाऱ्याशी काही लागेबांधे असतील तर ते उघड करा. रीळ करणाऱ्या पोरांना तर जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासूनच पाटी लावायला सांगितलंय, आणि त्यातली काही लावतातही. तुमच्याकडे एवढी मोठी वाहिनी आहे, श्रेयनामावली धावत जाते त्यात मेकअप करणाऱ्याचंही नाव असतं. ताटाचे पैसे कुणी दिले ही एक ओळ त्यात बसेल.

माझं मुख्य मागणं मात्र वेगळं आहे आणि त्याला कायदा लागत नाही. परत जा. जी जागा दाखवली तिथे वर्षाने, कॅमेरा गाडीत ठेवून, फोन न करता, एक वाजताच्या गर्दीत जाऊन जेवा. रांगेत उभे राहा. ‘टीव्हीवाली थाळी संपली’ असं उत्तर मिळतं का ते बघा. मला मिळालंय, आणि साध्या थाळीपेक्षा ती नव्वद रुपयांनी महाग होती. मग जे दिसेल ते तसंच सांगा. टिकलेल्या जागेचा याहून मोठा सन्मान नाही, आणि न टिकलेल्या जागेचं काय झालं हे कळलं तर पुढच्या वेळी तुमचाही हात थोडा जपून पडेल. तुम्ही दरवर्षी नव्या जागांचे बावन्न भाग काढता म्हणे. त्यातले सव्वीस जुन्या जागांचे असले तरी मी बघेन.

जाल तेव्हा पाच वाक्यं जास्तीची बोला. इथे दिवसाला किती ताटं होतात. कितीला संपतं. सुट्टीचा वार कुठला. कुणाच्या हातचं आहे, आणि तो हात आज पळीवर आहे की गल्ल्यावर. हे रटाळ वाटेल असं तुमचा दिग्दर्शक म्हणेल. त्याला सांगा, चाळीस जागा फिरलेल्या माणसाला याच पाच गोष्टी हव्या असतात; धूर आणि संथ गतीत पडणारं लोणी आता पाठ झालंय.

आणि शक्य झालं तर, सगळं चित्रीकरण आटोपल्यावर तुमचा कॅमेरामन कशावर आडवा हात मारतो, तेवढं दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर टिपून शेवटी लावा. मी त्या एका दृश्यावर गाडी काढीन.

मावशी २०२१ ला परत स्टँडमागच्या शेडमध्ये आली. चार टेबलं. नेमका त्याच दिवाळीच्या सुमारास एस.टी.चा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. तिचे जुने मेंबर बिनपगारी. तिने उधारीची वही घातली आणि वाढत राहिली. बरीचशी उधारी वसूल झाली, थोडी तिने खोडली. आता पुन्हा दहा-बारा मेंबर आहेत, सकाळी तीन किलो मटण येतं, दीडला संपतं. पांढरा वाटीला चिकटतो. तो सहा फुटी फ्लेक्स परसात सरपणावर घातलाय, पावसाचं पाणी आत जात नाही, निवेदक आडवा झोपून आकाशाकडे बघत हसत असतो.

तुमचा तो २०१५ चा भाग अजून अधूनमधून लागतो. एकशे तीस रुपयांत थाळी, मडकी, तीन पिढ्या. तो लागला की आठवड्याभरात दोन-चार गाड्या शोधत येतात, बहुतेक बायपासवरच्या बंद हॉलपाशी जाऊन, मग विचारत विचारत स्टँडकडे. मागच्या खेपेला जेवताना मी मावशीला म्हटलं, टीव्हीवाल्यांना पत्र लिहितोय, तुझं काही सांगायचंय का? मला वाटलं कर्जाचं काढेल, पुतण्याचं काढेल. तिने भाकरी थापता थापता क्षणभर विचार केला.

‘लिवतोयस न्हवं? मग त्यास्नी एवढं सांग, सोमवारी बंद असतंय.’

आपला,
पंपाचे सुटे भाग विकणारा एक प्रेक्षक